बाहेरून लागलेली कडी: एका भयपटाच्या फेरसंकलनाचं प्रकरण

पार्श्वभूमी

मुंबईत तयार झालेला एक मराठी मानसशास्त्रीय भयपट. निर्मिती छोटी, कलाकार सहा, चित्रीकरण २६ दिवसांचं, पहिला कट ११८ मिनिटांचा. ओळख पटू नये म्हणून नावं वगळली आहेत आणि काही तपशील बदलले आहेत. निर्णय कसे झाले, हे मात्र क्रमाने दिलं आहे.

कथा बीडीडी चाळीसारख्या एका चाळीत घडते. १६० चौरस फुटांची खोली, पुनर्विकासाची नोटीस लागलेली, निम्मे शेजारी संक्रमण शिबिरात गेलेले. घरात चौतिशीतला मुलगा आणि त्याची आई, दोघंच. आई मे महिन्यात गावी जाते, दीड महिन्याने परत येते आणि काही दिवसांत मुलाची खात्री पटते की ही आपली आई नव्हे. चेहरा तोच, आवाज तोच, आमटीची चवसुद्धा तीच, पण ही ती नाही.

या भ्रमाला वैद्यकात नाव आहे. फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ जोझेफ कापग्रा यांनी १९२३ मध्ये सहकाऱ्यासोबत अशा रुग्णाचं वर्णन केलं, म्हणून त्याला कापग्रा भ्रम म्हणतात. त्याचा एक प्रचलित उलगडा असा: चेहरा ओळखण्याचं काम मेंदूत शाबूत असतं, पण ओळखीसोबत आतून उमटणारी आपुलकीची जाणीव उमटत नाही. मग मेंदू त्या विसंगतीचा अर्थ लावतो की हा माणूस हुबेहूब दिसतो खरा, पण तोतया आहे. लेखकाला हे ठाऊक होतं. पटकथेत मात्र त्यातलं फारसं उतरलं नव्हतं. उतरली होती पांढऱ्या बुबुळांची म्हातारी.

चित्रीकरणाचा एक तपशील पुढे महत्त्वाचा ठरला. खोली गोरेगावला सेटवर उभारली होती आणि चाळीची गॅलरी गिरगावातल्या खऱ्या चाळीत चित्रित केली होती.

अडचण

अंधेरीतल्या एका प्रिव्ह्यू थिएटरमध्ये ३८ प्रेक्षकांसमोर चाचणी खेळ झाला. पडद्याखाली प्रेक्षकांकडे तोंड करून अंधारात दिसणारा एक कॅमेरा लावला होता (प्रेक्षकांना आधी सांगून) आणि त्याचं चित्रण चित्रपटाच्या टाइमकोडशी (मिनिट-सेकंदांच्या नोंदीशी) जुळवून घेतलं होतं. हा खर्च फार नाही आणि फॉर्म भरून घेण्यापेक्षा तो कितीतरी उपयोगी पडतो. बाहेर पडताना भरलेल्या फॉर्ममध्ये बहुतेकांनी ‘भीती वाटली’ या चौकटीवर खूण केली होती. चित्रणात वेगळंच दिसत होतं.

चित्रपटात ११ दचके होते. पहिल्या तीन वेळा अख्खी रांग उडाली. पाचव्यापासून लोक आधीच कानांवर हात ठेवू लागले आणि सातव्याला शेजारणीकडे बघून हसले. कारण सरळ होतं. प्रत्येक दचक्याआधी पार्श्वसंगीत दोन सेकंद थांबत होतं, म्हणजे चित्रपट स्वतःच घंटा वाजवून सांगत होता की आता येतंय. शिवाय दचकणं ही मुळात मेंदूच्या खोडातून होणारी प्रतिक्रिया आहे. मोठा आवाज झाला की ३० ते ५० मिलिसेकंदांत पापण्या मिटतात, विचाराचा त्यात संबंध नसतो आणि तेच तेच झालं की ती बोथट होत जाते. पांढरी बुबुळं दिसली तेव्हा दोनदा उघड हशा झाला. ५२ ते ६१ या मिनिटांत नऊ मोबाइल उजळले.

खरी माहिती दुसऱ्या दिवशी हाती आली. प्रत्येक प्रेक्षकाला साधारण २४ तासांनी फोन करून एकच प्रश्न विचारला: “कालच्या सिनेमातलं काय आठवतंय?” बुबुळं तिघांनाच आठवत होती. पण पाच जणांनी, एकमेकांशी बोलणं झालेलं नसताना, एकाच शॉटचा उल्लेख केला. दादरच्या एक पन्नाशीच्या बाई म्हणाल्या, “ते भूतबीत ठीक आहे हो. पण दोघं आत झोपलेली होती ना? मग कडी बाहेरून कशी लागलेली होती? रात्री पाणी प्यायला उठले आणि आधी आमच्या दाराकडे बघितलं.”

दिग्दर्शकाला यातलं काहीच माहीत नव्हतं. शॉट तपासला. गॅलरीतून खिडकीच्या गजांमधून झोपलेली आई आणि मुलगा दिसतात, फ्रेमच्या उजव्या कोपऱ्यात दार आहे आणि दाराची साखळी-कडी बाहेरच्या कोयंड्यात अडकवलेली आहे. ही सरळसरळ चूक होती. जुन्या दाराच्या फळ्या वाऱ्याने हलत होत्या म्हणून कलाविभागाच्या मुलाने कडी लावून ठेवली आणि टेकपूर्वी ती काढायची राहिली.

ठरवून केलेल्या ११ दचक्यांपेक्षा एक विसरलेली कडी लोकांसोबत घरी गेली. निर्मात्यापुढची अडचण आता नीट मांडता येत होती. चित्रपट प्रेक्षकाला काय दिसतंय ते दाखवत होता, कधी घाबरायचं ते सांगत होता आणि त्याला स्वतःला शोधायला काहीच ठेवत नव्हता.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय वितरकाचा: दचके वाढवा, बुबुळांच्या जागी आणखी भयानक चेहरा करा, ट्रेलर त्यावरच कापा. यात धंद्याचा हिशेब होता आणि तो अगदीच चुकीचा नव्हता, कारण भयपटाचा पहिला शनिवार-रविवार ट्रेलरवरच चालतो. पण नव्या व्हीएफएक्सला सात आठवडे लागणार होते आणि हशा थांबेलच याची खात्री नव्हती.

दुसरा पर्याय लेखकाचा: डॉक्टरांचा एक प्रसंग घालून कापग्रा भ्रम नावानिशी समजावून सांगायचा. यासाठी एका मनोविकारतज्ज्ञ बाईंशी बोलणं झालं. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, पडद्यावर निदान झालं की प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकेल, कारण नाव मिळालेली गोष्ट निम्मी आटोक्यात येते. दुसरी त्यांनी जरा कडकच सांगितली: आजाराचं नाव घेऊन मुलाच्या हाती सुरी द्याल, तर उद्या प्रत्येक रुग्णाच्या घरी लोक सुऱ्या लपवतील. सुरीचा प्रसंग त्याच दिवशी गेला.

त्याच बोलण्यात एक नोंद हाती लागली. हर्स्टाइन आणि रामचंद्रन या संशोधकांनी १९९७ मध्ये वर्णन केलेला रुग्ण आईवडिलांना समोर पाहून तोतये म्हणायचा, पण फोनवर त्यांचा आवाज ऐकला की ती आपलीच माणसं आहेत हे त्याला पटायचं. लेखकाने वहीत एवढंच लिहून घेतलं: ‘ऑफिसातून फोन. आईच आहे. घरी येतो. नाही.’

तिसरा पर्याय संकलकाचा. दचके कमी करायचे, ध्वनी नव्याने बांधायचा आणि दीड दिवसाचं पॅचवर्क (कमी पडलेल्या तुकड्यांचं जादा चित्रीकरण) करून घराची शिस्त प्रेक्षकाच्या अंगवळणी पाडायची. त्याचा युक्तिवाद असा होता की बाहेरून लागलेली कडी पाचच जणांना दिसली, कारण तोवर आतली कडी चित्रपटाने दाखवलेलीच नव्हती. घर पाठ झालेलं असेल तरच त्यातला बिघाड जाणवतो.

तिसरा पर्याय स्वीकारला. वितरकाने ट्रेलरवरचा हक्क स्वतःकडे ठेवला. त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

केलेली कामं

*कडी.* सेट मोडलेला होता. दाराची भिंत, ओटा आणि मोरी एवढंच पुन्हा उभं केलं. भिंतीचा निळा रंग जुळला नाही, तो डीआयमध्ये (चित्राच्या रंगदुरुस्तीच्या टप्प्यात) जुळवून घ्यावा लागला. पहिल्या २५ मिनिटांत मुलगा रात्री आतली सरकती कडी लावतो असे तीन शॉट घेतले, तिन्ही वेगवेगळ्या निमित्ताने: एकदा फोनवर बोलता बोलता, एकदा आईशी वाद घालताना, एकदा अर्ध्या झोपेत. कडीवर क्लोजअप मुद्दाम टाळला, कारण क्लोजअप म्हणजे ‘लक्षात ठेवा’ अशी पाटीच. तिची ओळख आवाजातून करून दिली. फोलीसाठी (कृतींचे आवाज नंतर वेगळे रेकॉर्ड करण्यासाठी) खऱ्या जुन्या दारांच्या दोन्ही कड्या रेकॉर्ड केल्या. आतली सरकते तेव्हा घासून एकच ठोका देते. बाहेरची साखळी कोयंड्यावर पडताना दोन-तीनदा खुळखुळते. ५८व्या मिनिटाला अंधारात, चित्रात काहीच न घडता, फक्त तो खुळखुळाट ऐकू येतो. मग गिरगावचा मूळ शॉट, आधी चार सेकंदांचा होता तो आता चौदा सेकंद.

*शिट्ट्या.* याची कल्पना संकलन साहाय्यकाची. ६व्या, १४व्या आणि २२व्या मिनिटाला घरात कुकर लागतो. तिन्ही वेळा तीन शिट्ट्या होतात आणि गॅसचं बटण बंद होतं. दोन शिट्ट्यांमधलं अंतर दरवेळी नऊ सेकंद ठेवलं, म्हणजे कानाला ताल बसतो. खरा कुकर इतका शिस्तीचा नसतो, पण ही लबाडी कोणाच्या लक्षात आली नाही. ३३व्या मिनिटाला मुलगा पुढ्यात बसून नोटीस वाचतोय, आई पाठमोरी ओट्याशी आणि चौथी शिट्टी होते. बटण वाजत नाही.

इथे एक चूक झाली आणि सुधारली. पहिल्या जोडणीत चौथ्या शिट्टीला मुलगा मान वर करून आईकडे बघत होता. सहा जणांना तो तुकडा दाखवला. सहाही जणांनी मुलाच्या चेहऱ्याबद्दल सांगितलं, शिट्टीबद्दल कोणीच नाही. पात्र घाबरलं की प्रेक्षक त्याला घाबरलेलं बघत बसतो. मान वर करण्याचा भाग कापला. मुलगा वाचतच राहतो आणि मोजणारा एकटा प्रेक्षक उरतो. याच न्यायाने संपूर्ण चित्रपटातले प्रतिक्रियेचे १९ शॉट गेले.

*आई.* बुबुळं काढली, झालेला खर्च पाण्यात गेला. पॅचवर्कमध्ये अभिनेत्रीला एकच सूचना होती: पहिल्या भागातल्या आईपेक्षा थोडी जास्त प्रेमळ. जुनी आई ताट वाढून टीव्हीकडे वळायची. ही समोर बसून मुलगा संपवेपर्यंत बघत राहते. फोनचा प्रसंगही इथेच घेतला. मुलगा ऑफिसातून फोन करतो, पलीकडून “जेवलास का रे? डबा तसाच आणू नकोस हं,” आणि तो जिन्यात बसून रडतो, कारण ही त्याचीच आई आहे. संध्याकाळी दार उघडून ती शब्द न बदलता तेच वाक्य म्हणते.

*दचके.* ११ पैकी तीन उरले. तिन्हींच्या आधीचं ते थांबणं काढून टाकलं. एक दचका भर दुपारी, गॅलरीत भांडं पडण्याचा आहे आणि तो मुद्दाम हसण्यावारी जातो, कारण ताणलेल्या प्रेक्षकाला मधे श्वास द्यावा लागतो. नाहीतर तो स्वतःच मोबाइल काढून घेतो.

*ध्वनी.* पार्श्वसंगीत ७१ मिनिटांवरून १९ मिनिटांवर आलं. मोकळ्या जागेत चाळ भरली: पहाटे पाणी आल्यावर पिंपं भरण्याचा आवाज, शेजारचा टीव्ही, जिन्यावरच्या चपला, पंख्याची घरघर. दुसऱ्या भागात यातला एकेक थर दर काही मिनिटांनी काढला. शेजारी घरं सोडून जाताहेत, त्यामुळे कथेतही ते बसतं. काय गेलं हे प्रेक्षकाला सांगता येत नाही, फक्त घर मोठं वाटायला लागतं.

ध्वनिसंयोजकाने १९ हर्ट्झच्या, कानाला न ऐकू येणाऱ्या कंपनांचा प्रयोग सुचवला होता. या विषयावर बोलताना ही कल्पना हमखास निघते. पण बहुतेक थिएटरांचे सबवूफर साधारण २५-३० हर्ट्झखाली फारसं काही देत नाहीत आणि मोबाइलवर तर प्रश्नच मिटला. त्याऐवजी खरखरीचा उपयोग केला. मानवी किंकाळीत आवाजाची पातळी सेकंदाला ३० ते १५० वेळा थरथरते आणि तीच खरखर मेंदूला धोक्याची वाटते, असं २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं आहे. चाळीच्या पाण्याच्या पंपाच्या आवाजावर सेकंदाला ७० वेळांची अशी थरथर अगदी हलकी चढवली. पंप पंपच वाटतो, पण तो बंद झाला की खांदे उतरतात.

मिक्सिंगमध्ये मात्र एक फटका बसला. स्टुडिओ ८५ डेसिबलच्या प्रमाण पातळीवर, म्हणजे फेडर (हॉलमधल्या आवाजाचं बटण) ७ वर लावलेला होता. तिथे पंख्याची घरघर सुरेख ऐकू येत होती. उपनगरातल्या एका मल्टिप्लेक्सात सकाळी रिकाम्या हॉलमध्ये डीसीपी (थिएटरसाठीची डिजिटल प्रत) लावून बघितली तर फेडर ५ वर. म्हणजे पातळी जवळपास साडेसहा डेसिबलने खाली, वर एसीचा आवाज आणि शेजारच्या पडद्यावरच्या ॲक्शनपटाची धडधड. ५८व्या मिनिटाचा खुळखुळाट कुणालाच ऐकू आला नाही. नाजूक जागा फेडर ५ वर बसून पुन्हा मिक्स केल्या. मोठे आवाज तेवढेच ठेवले, त्यामुळे चढ-उतार थोडा कमी झाला. ती तडजोड होती.

*उजेड.* त्याच फेरीत गॅलरीतली आकृतीही दिसली नाही. पडद्यावर १४ फूट-लँबर्ट (पडद्याच्या उजळपणाचं एकक) उजेड हवा, पण प्रोजेक्टरचा दिवा जुना झाला की तेवढा मिळत नाही आणि डीआयच्या अंधाऱ्या खोलीत शोभणारा काळोख तिथे नुसता काळा चौकोन होतो. तीन रात्रीचे प्रसंग उजळ केले, एक तर सरळ ट्यूबलाइटखालीच ठेवला. नुकसान झालं नाही, उलट लपायला जागा नसलेल्या पांढऱ्या उजेडात आई जास्त अस्वस्थ करते.

*सिगारेट.* मुलगा चार प्रसंगांत गॅलरीत सिगारेट ओढत होता. २०१२ पासूनच्या नियमांनुसार तंबाखू दिसली की फ्रेमच्या तळाशी इशारा आणि सुरुवातीला व मध्यंतरानंतर आरोग्य संदेश द्यावा लागतो. ती पट्टी नेमकी कडीच्या बाजूला येत होती. दोन प्रसंग कापले, दोन गिरगावात सकाळच्या अर्ध्या दिवसात चहाच्या ग्लासासह पुन्हा घेतले.

*मध्यंतर.* आधी मोठ्या किंकाळीवर होतं. किंकाळीनंतर दिवे लागतात, लोक हसत उठतात, दहा मिनिटं जाहिराती आणि पॉपकॉर्न, परत येईस्तोवर सगळं विरलेलं. नव्या कटमध्ये ते ४९व्या मिनिटाला, आईने दारात तेच वाक्य म्हटल्यावर, संगीताशिवाय येतं. त्यानंतरची ९० सेकंदं पुन्हा रोजचीच: कडी, पाणी, कुकर. रांगेतून वाट काढणाऱ्यांसाठी ती मोजून ठेवलेली आहेत.

प्रमाणपत्राला त्रास झाला नाही. सुरी आणि रक्त गेल्यामुळे फक्त प्रौढांसाठीच्या ‘ए’ऐवजी यूए १६+ (सोळाखालच्यांनी पालकांच्या सल्ल्याने बघावा, असं) मिळालं आणि टीव्हीचा रस्ता मोकळा राहिला.

निष्पत्ती

१०४ मिनिटांचा कट ४१ नव्या प्रेक्षकांना, या वेळी खऱ्या मल्टिप्लेक्सात दाखवला. नको तिथे हशा झाला नाही. चौथ्या शिट्टीला चित्रणात १४ माना ओट्याच्या दिशेने किंचित वळलेल्या दिसतात. उरलेल्यांत तरुण पुरुषांचा भरणा होता; बहुधा घरी शिट्ट्या दुसरंच कोणीतरी मोजतं. दुसऱ्या दिवशीच्या फोनवर २३ जणांनी न विचारता कडी किंवा फोनचा प्रसंग सांगितला. सात जणांनी ‘काहीच घडत नाही’ असं सांगितलं आणि त्यांचंही खोटं नव्हतं. या जातीच्या चित्रपटात तेवढे प्रेक्षक हातचे जातात.

प्रदर्शनात मात्र घोळ झाला. वितरकाच्या ट्रेलरमध्ये काढून टाकलेले पाच दचके आणि बुबुळं होती. पहिल्या तीन दिवसांत भूत बघायला आलेले लोक फसल्यासारखे बाहेर पडले आणि बरेच खेळ दुपारी साडेबाराच्या वेळेवर गेले. दुसऱ्या आठवड्यात उरलेले रात्रीचे खेळ बरे भरले. निर्मितीखर्च थिएटरमधून वसूल झाला नाही, टीव्ही आणि ओटीटीच्या विक्रीनंतर झाला.

वेगळं काय करता आलं असतं

ध्वनिसंयोजक चित्रीकरण संपल्यावर आला. तो पटकथेच्या वेळी असता तर कडी आणि कुकर लिहूनच आले असते आणि पॅचवर्क बहुतांशी वाचलं असतं. मनोविकारतज्ज्ञांच्या बाबतीतही तेच. फोनचा प्रसंग आज चित्रपटाचा कणा आहे आणि तो सापडला डॉक्टर घालावा की नाही या वादातून.

चाचणी खेळ प्रिव्ह्यू थिएटरमध्ये करणं ही चूक होती. तिथे एसी शांत, दिवा नवा, फेडर ७ वर. मिक्सिंगआधी एकदा साध्या हॉलमध्ये जाऊन नुसती पार्श्वशांतता ऐकली असती तर दुसऱ्यांदा मिक्स करावं लागलं नसतं.

ट्रेलरचा हक्क हा सगळ्यात महागात पडलेला निर्णय. तो वाटाघाटीत सोडताना कोणाला फारसा मोठा वाटला नव्हता. निदान ‘अंतिम कटमध्ये नसलेला शॉट ट्रेलरमध्ये नसेल’ एवढं एक कलम करारात घालता आलं असतं.

शेवटाबद्दल टीममध्ये अजून मतभेद आहेत. निर्मात्याच्या आग्रहाने शेवटी आठ सेकंदांचा एक शॉट राहिला, ज्यात कडी कोणी लावली ते दिसतं. दुसऱ्या चाचणीत कडी आठवणाऱ्यांपैकी निम्म्यांनी त्यापाठोपाठ उत्तरही सांगितलं, आणि सांगताना त्यांचा आवाज निवांत होता. ओटीटीच्या आवृत्तीत तो शॉट काढला. कोयंड्याचा खुळखुळाट मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर पोहोचावा म्हणून तिथे त्याचा १ ते ३ किलोहर्ट्झचा भाग थोडा उचलला आहे. हेडफोनवर तो जरा जास्तच जवळून ऐकू येतो, अगदी डोक्यामागून. ते तसंच ठेवलं.